गोधडी

गोधडी हे जुन्या कपड्यांचे थर एकमेकांवर रचून हाताने शिवलेले अंथरूण-पांघरूण होय. महाराष्ट्राच्या काही भागांत तिला वाकळ म्हणतात. टाकाऊ चिंध्यांचा पुनर्वापर हे तिचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

रचना

बाहेरच्या दोन्ही बाजूंना जुने लुगडे किंवा धोतर लावतात. वारंवार धुऊन मऊ झालेले सुती कापड अंगाला टोचत नाही आणि त्यातून सुई सहज जाते. मोठे तुकडे वरच्या बाजूस ठिगळांप्रमाणे जोडतात; लहान चिंध्या आतल्या थरात पसरतात. तेथे रंग जुळवावा लागत नाही, मात्र जाडी सारखी राखावी लागते. त्यावर धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालतात. या टाक्यांमुळे धुताना चिंध्या सरकून एका जागी गोळा होत नाहीत. म्हणून जीर्ण कापडाची गोधडीही बरीच वर्षे टिकते.

सांस्कृतिक संदर्भ

चिंध्यांचे वस्त्र हे साधेपणाचे व वैराग्याचे चिन्ह मानले जाते. अंगावरील गोधडीमुळे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) ‘गोधडे महाराज’ म्हणूनही ओळखले जात. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथानुसार शिर्डीत साईबाबांनी चार हात लांब व वीतभर रुंद फळी जुन्या चिंध्यांनी आढ्याला टांगली होती.

सद्यस्थिती

सुती लुगडी व धोतरे यांचा वापर घटल्याने गोधडीसाठी योग्य कापड कमी मिळते. कृत्रिम धाग्याचे कापड निसरडे असते व घाम शोषत नाही. तयार ब्लँकेटांमुळेही घरोघरी गोधडी शिवण्याची प्रथा मागे पडत आहे.