विमीचे म्हातारे पहारेकरी

मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. कॅनडाचे तरुण जहाजांनी इंग्लंडला जात होते. मागे कारखाने, वीजकेंद्रं राहिली होती आणि इंग्लंडहून सांभाळायला पाठवलेले जर्मन कैदीही येऊ घातले होते. पहाऱ्याला कोण उभं राहणार? सरकारने पहिल्या महायुद्धातल्या जुन्या शिपायांना हाक दिली आणि 'व्हेटरन्स गार्ड ऑफ कॅनडा' हे दल उभं राहिलं. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसं पुन्हा गणवेशात आली. ऐन भरात त्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली होती.

यातले कितीतरी जण मूळचे कॅनडाचे नव्हतेच. १९१४ साली कॅनडाची जी पहिली तुकडी युद्धावर गेली, तिच्यातले निम्म्याहून अधिक जण ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. दहा डॉलर भरून १६० एकर माळरान कसायला मिळतं, एवढ्या भरवशावर कोणी आले होते. कोणाला लहानपणीच तिकडच्या धर्मादाय संस्थांनी परक्या शेतांवर राबायला धाडलं होतं. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समधली विमीची टेकडी यांनीच जिंकली. परत येऊन पुन्हा नांगर धरला, तर १९३०च्या दशकात मंदी आणि दुष्काळ एकदमच आले. १९४०च्या भरतीच्या रांगेत देशप्रेमाइतकीच घरची चूलही उभी होती, असं मला वाटतं. साध्या शिपायाला दिवसाला १ डॉलर ३० सेंट मिळत. त्यासाठी रांगेत उभं राहण्यात कसलाच कमीपणा नव्हता.

नोकरी मात्र वाटते तितकी सोपी नव्हती. अल्बर्टातल्या मेडिसिन हॅटच्या छावणीत बारा हजारांवर कैदी मावत. गावची वस्तीसुद्धा त्याहून कमी होती. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरायचा आणि तशा थंडीत मचाणावर उभं राहून काटेरी तारेवर नजर ठेवायची. कैद्यांच्या सदऱ्यावर पाठीमागे मोठं लाल वर्तुळ असे. पळणारा लांबून दिसावा आणि नेम धरायला सोपं जावं, म्हणून. तारेच्या आत मात्र कट्टर नाझींचंच राज्य चाले. १९४३ आणि १९४४ मध्ये त्यांनी आपल्याच दोन सोबत्यांचा जीव घेतला, आणि त्याबद्दल पुढे पाच जण फाशी गेले. ऑक्टोबर १९४२ मध्ये ओंटारिओतल्या बोमनव्हिल छावणीत जर्मन अधिकाऱ्यांना बेड्या घालण्याचा हुकूम आला. ते हॉकीच्या काठ्या घेऊन बराकींत अडून बसले. या वयस्क पहारेकऱ्यांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. बाहेरून तरुण सैनिक आणावे लागले.

मॅनिटोबातल्या रायडिंग माउंटनच्या जंगलात चित्र अगदीच वेगळं होतं. तिथे लाकूडतोडीसाठी कैदी ठेवले होते, पण छावणीला कुंपणच नव्हतं. फावल्या वेळात कैदी ओंडके कोरून होड्या करत. १९४३च्या ऑक्टोबरअखेरीस एकोणीस जण जंगलात निघून गेले, वाट चुकले आणि लवकरच परत आले. अशा अरण्यात पळून जाणार तरी कुठे?

इथवरची कहाणी वाचताना या म्हाताऱ्यांबद्दल मनात आदरच दाटतो, आणि तो राहायलाच हवा. पण विमीच्या पिढीतले परदेशातून आलेले शिपाई फक्त ब्रिटनचे नव्हते. मासुमी मित्सुई १९०८ मध्ये जपानहून आले. ब्रिटिश कोलंबियात जपान्यांना भरती करून घेत नव्हते, म्हणून शेजारच्या अल्बर्टात जाऊन ते फौजेत शिरले. १९१७च्या हिल ७०च्या लढाईत त्यांनी मिलिटरी मेडल मिळवलं. १९३१ मध्ये खटपट करून आपल्यासारख्या जपानी वंशाच्या जुन्या सैनिकांना मताचा हक्कही मिळवून दिला. ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळात तो ठराव अवघ्या एका मताने तरला. त्याच मित्सुईंना १९४२ मध्ये शत्रू ठरवून कुटुंबासह किनाऱ्यावरून हलवलं गेलं. त्यांचं शेत सरकारने विकून टाकलं. त्यांनी आपली पदकं अधिकाऱ्यासमोर जमिनीवर फेकली. ओंटारिओतल्या अँग्लर छावणीत तर जपानी वंशाचे सुमारे सातशे पुरुष डांबले होते. त्यांच्याही पाठीवर लाल वर्तुळ होतं आणि पहाऱ्याला व्हेटरन्स गार्डचे शिपाई होते. पहारा देणारेही स्थलांतरित, कोंडलेलेही स्थलांतरित किंवा त्यांची मुलं.

हे एकाएकी घडलेलं नव्हतं. १९१४च्या जुलैत 'कोमागाता मारू' जहाजातल्या बहुतेक पंजाबी प्रवाशांना व्हँकुव्हर बंदरातूनच परत धाडलं होतं. त्यांच्यात ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले शिपाईही होते. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत महायुद्ध पेटलं आणि कॅनडा शिपाई शोधू लागला. म्हाताऱ्या शिपायाच्या हाती बंदूक द्यायची की त्याचं शेत काढून घ्यायचं, हे त्याने काय केलं यावर ठरलंच नाही. तो कुठून आला, एवढंच पाहिलं गेलं. याचा दोष मी मचाणावर कुडकुडणाऱ्या शिपायाला देणार नाही. तो हुकूम काढणाऱ्या मंत्र्यांचा आहे.

युद्ध संपल्यावर कैदी परत गेले आणि १९४७ मध्ये दल मोडलं. त्या कैद्यांपैकी काही जण पुढे कॅनडातच येऊन स्थायिक झाले. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये जपानी-कॅनडियन सैनिकांचं स्मारक आहे. १९४२ मध्ये विझवलेला त्यावरचा दिवा १९८५ मध्ये मित्सुईंच्याच हातून पुन्हा लागला. कॅनडाच्या सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांची माफी मागितली ती सप्टेंबर १९८८ मध्ये. मित्सुई त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या ९९व्या वर्षी, वारले होते.