तोटा घरचा कीं बाहेरचा ?

शेती हा धंदा आहे, हें वाक्य आतां सभासंमेलनांतून इतकें घासून गेलें आहे कीं त्याचा अर्थ कोणी मनावर घेत नाहीं. किराणा दुकानदारास वर्षअखेर तोटा आला तर तो आधीं गल्ला पाहतो, मग वजनमापें तपासतो, मग गोदामांतील उंदरांचीं बिळें शोधतो, आणि सर्वांत शेवटीं बाजारास दोष देतो. आम्हां शेतकऱ्यांचा क्रम नेमका उलटा. पाऊस, सरकार, व्यापारी आणि नशीब या चौघांवर आधीं फिर्याद होते, ती तेथल्या तेथें शाबीत होते, आणि घरांत डोकावण्याची पाळीच येत नाहीं. या चौघांचा दोष नसतो असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तो पुष्कळदां असतो व भारी असतो. परंतु तो किती आणि आपला किती, याची फोड न करतां जो पुढील हंगामास लागतो, त्याचा पाय त्याच खड्ड्यांत पुन्हा पडतो.

आपण निजून राहिलों असतों तरी जो आलाच असता तो बाहेरचा धोका : अवर्षण, गारपीट, भावाची चढउतार, राजधानींत निघालेला एखादा हुकूम. आपल्या करण्यानें किंवा न करण्यानें जो उत्पन्न होतो तो घरचा : न पारखलेलें बियाणें, फाटकी चाळ, भावाभावांतील तंटा, कारभाऱ्याच्या डोक्यांतच राहिलेला व त्याच्याबरोबर स्मशानांत गेलेला देण्याघेण्याचा तपशील. कागदावर ही विभागणी सोपी आहे. अडचण अशी कीं, तोटा येतो तेव्हां त्याच्या कपाळावर यांपैकीं कोणताच शिक्का नसतो. दोन्ही एकांत मिसळून, एकच रक्कम होऊन तो येतो.

आमचीच गोष्ट सांगतों. 2023 सालच्या मे महिन्यांत आम्हीं चाळींत 200 क्विंटल उन्हाळी कांदा भरला. भाव 2,400 रुपयांवर जाईल अशा आशेनें थांबलों. 19 ऑगस्ट रोजीं केंद्र सरकारनें कांद्यावर शेंकडा 40 निर्यात शुल्क बसविलें. नाशिक जिल्ह्यांत लिलाव कांहीं दिवस बंद राहिले, पुन्हां सुरू झाले, आणि आमचा माल 2,000 रुपयांनीं गेला. चाळ उपसली तेव्हां विकण्याजोगा कांदा 122 क्विंटल भरला. घरीं येऊन आम्हीं वहींत वर्षाचा तोटा एका ओळींत लिहिला : “निर्यात शुल्कामुळें.” पुढें तीन महिने जो भेटेल त्याच्यापाशीं दिल्लीच्या नांवानें बोटें मोडलीं.

दिवाळीनंतर बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याशीं बसणें झालें. त्यानेंही त्याच आठवड्यांत, त्याच बाजारांत, त्याच भावानें कांदा दिला होता. पण त्याच्या तोंडीं तक्रार आमच्या निम्म्यानेंही नव्हती. त्याच्या 100 क्विंटलांतून 75 क्विंटल चांगला माल निघाला होता. त्या प्रमाणानें आमचे 150 निघावयास हवे होते. आम्हीं विचारलें, “तात्या, आमचे 28 क्विंटल गेले कोठें ?” तो म्हणाला, “अण्णा, तुमचा कांदा काढणीच्या आदल्या आठवड्यापर्यंत पाणी पीत होता. तो चाळींत टिकेल कसा ?”

त्या रात्रीं वही पुन्हां उघडली. विकलेल्या 122 क्विंटलांवर दर क्विंटलीं 400 रुपये कमी आले, ते 48,800. हा बाहेरचा तोटा, आणि तो खरा आहे. सडून गेलेले 28 क्विंटल, पडत्या 2,000 च्याच भावानें धरले तरी 56,000. हा घरचा. ज्या तोट्याबद्दल आम्हीं सरकारास एकट्यास धारेवर धरलें होतें, त्याचा मोठा हिस्सा आमच्याच चाळीच्या तळाशीं काळा पडून होता.

कारणें शोधूं लागतां एकामागून एक सांपडलीं. नत्राचा शेवटचा हप्ता लावणीपासून दोन महिन्यांच्या आंत संपावयास हवा. आम्हीं पात फिकी दिसते म्हणून त्यानंतरही युरिया फेंकला होता. त्यानें कांदा फुगला, वजनांत बरा दिसला, आणि मान जाड राहिली. जाड मान नीट वाळत नाहीं, आणि सडण्यास वाट तेथूनच मिळते. पाणी काढणीपूर्वी पंधरवडाभर तरी तोडावयाचें, तें तोडलें नाहीं. उपटलेला कांदा तीन-चार दिवस पातीनें झांकून शेतांत सुकवावा, मग बोटाच्या पेराएवढी मान राखून पात कापावी, मग दहा-बारा दिवस सावलींत पातळ पसरावा. आम्हीं मजूर हाताशीं होते तेवढ्यांत सर्व दोन दिवसांत उरकलें. जोड कांदे व डेंगळे वेंचून बाजूस काढले नाहींत. चाळींत ढीग चार-पांच फुटांचा असावा, तो डोक्याएवढा चढविला. आणि खालून वारा खेळण्यासाठीं जी मोकळी जागा ठेवलेली असते तींत रिकामीं पोतीं कोंबलीं. त्या वर्षीं एप्रिलांत अवकाळी पाऊसही झाला होता, हें खरें. पण तो बांध पाहून पडला नव्हता.

यावरून आम्हांस जी कसोटी सुचली ती महसुलाच्या नोकरींत आम्ही वर्षानुवर्षें वापरीत होतों, आपल्या घरास मात्र कधीं लावली नव्हती. पूर्वीची आणेवारी, आतांची पैसेवारी, ही सर्वांस ठाऊक आहे. गावचें चांगलें पीक एक रुपया धरावयाचें आणि चालू वर्षाचें त्याच्या किती पैसे आहे तें काढावयाचें; 50 पैशांच्या खालीं आलें तर गाव टंचाईंत. हा अंदाज सबंध गावाचा असतो. गावाची पैसेवारी 65 आणि त्याच मगदुराच्या आपल्या रानाची 30 आली, तर मधले 35 पैसे पावसाच्या माथीं मारतां येत नाहींत. पीकविम्याचेंही मुख्य गणित असेंच आहे. 2016 पासून चालूं असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भरपाई प्रामुख्यानें मंडळांतील पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर ठरते. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खालीं गेली तर सर्वांस मिळतें. सरासरी ठीक असून आपलें एकट्याचें बुडालें, तर त्या सरासरीवर कांहीं मिळत नाहीं. लोक याला अन्याय म्हणतात, आणि गावाच्या एका कोपऱ्यांतच ढग फुटला असेल तेव्हां तो अन्याय होतोही. एरवीं विमा हा बाहेरच्या धोक्याचा असतो. घरच्या धोक्याचा विमा उतरविणारी कंपनी अद्याप निघालेली नाहीं. 2023 च्या खरिपापासून महाराष्ट्रांत एका रुपयांत विमा मिळत होता, ती सवलत 2025 मध्यें बंद झाली आणि खरिपास शेंकडा 2, रब्बीस दीड व नगदी पिकांस 5 पर्यंत हप्ता शेतकऱ्याकडे पुन्हां आला. हप्ता खिशांतून जाऊं लागल्यावर तरी आपण काय विकत घेतों हें पाहिलें पाहिजे.

शेजाऱ्याच्या बांधावर उभें राहून पाहण्याची ही कसोटी एका ठिकाणीं मात्र फसते. सबंध गावानेंच एक चूक केली असेल तर सर्वांची पैसेवारी एकदम पडते, आणि घरचा दोष बाहेरच्याचा वेष घेऊन उभा राहतो. एका वर्षीं कांद्यास भाव आला कीं दुसऱ्या वर्षीं हरभऱ्याच्या रानांतही रोप लावावयाचें, आणि सर्वांचा माल एकदम बाजारांत गेला कीं “बाजार पडला” म्हणावयाचें, हा प्रकार कोणास नवा आहे ?

या महाराष्ट्रानें तो फार मोठ्या प्रमाणावर भोगलेला आहे. 1861 मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. दख्खनेंत पैसा खेळूं लागला, सावकारानें हात सैल सोडला, शेतकऱ्यानें घेतलें. 1865 मध्यें युद्ध संपलें व भाव कोसळले. युद्ध सुरू होणें आणि संपणें, दोन्ही बाहेरचीं. पुढें फेरपाहणींत सरकारी साराही वाढला, तोही बाहेरचाच. परंतु चढत्या भावाच्या वर्षांत घेतलेलें कर्ज आणि न वाचतां रोख्यावर केलेली निशाणी हीं घरचीं होतीं. दोन्ही एकत्र आलीं तेव्हां 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गावीं सावकारांचे रोखे जाळण्यापर्यंत पाळी आली. आणि 1879 मध्यें सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा करावा लागला. बाहेरचा घाव जेथें घरांत भेग असते तेथेंच खोल जातो, असें आम्हांस या इतिहासांत दिसतें.

ही भेग कधीं कधीं केवळ एका कागदाची असते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनीं पाहिली ते ती विसरणार नाहींत. पंचनाम्यांचे गठ्ठे आमच्या टेबलावर येत. त्यांत एक द्राक्षबागायतदार होता. बाग भुईसपाट झालेली, पंचनामा चोख, तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक तिघांच्या सह्या. पण सातबारा त्याच्या वडिलांच्या नांवें, आणि वडील वारून सात वर्षें झालेलीं. वारसनोंद केलीच नव्हती, कारण दोघां भावांचें एका विहिरीवरून जुळत नव्हतें. शेजारच्या गटांतील लोकांच्या खात्यांवर मदत जमा झाली. याची रक्कम मयताच्या नांवापाशीं अडली. मग अर्ज, मग बहिणींच्या सह्या, मग फेरफार. गार दहा मिनिटें पडली असेल. कागद दीड वर्ष हिंडत होता. त्या दीड वर्षांत कांहीं महिने आमच्या कचेरीच्या आळसाचेही होते, हें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं, कारण त्या टेबलावर आम्हीच बसत होतों. आतां पीक पाहणीची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावयाची आहे. 2021 च्या ऑगस्टपासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली. उभें पीक सोयाबीन आणि विमा अर्जांत दुसरेंच कांहीं, अशी तफावत राहिली तर पुढें काय होतें तें सांगावयास नको.

आतां सरकारी हुकुमांविषयीं. येथें कोणी म्हणेल कीं, तुम्ही सर्व दोष शेतकऱ्याच्याच पदरीं बांधून सरकारास मोकळें सोडतां. तसें नाहीं. पावसास पत्ता नसतो, हुकुमास असतो; आणि ज्याला पत्ता आहे त्याच्याकडे जाब मागतां येतो. कांद्याची निर्यात 14 सप्टेंबर 2020 रोजीं बंद झाली ती 1 जानेवारी 2021 पर्यंत. 2023 च्या ऑगस्टांत शुल्क, 8 डिसेंबरास पुन्हां बंदी, 4 मे 2024 रोजीं बंदी उठून तिच्या जागीं किमान निर्यातमूल्य व 40 टक्के शुल्क. सप्टेंबरांत शुल्क 20 टक्क्यांवर, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेंही रद्द. याविरुद्ध एकट्यानें ओरडून उपयोग नाहीं. तें काम संघाचें आहे. पण संघ दाद मागावयास जाईल तेव्हां त्याच्या हातांत निवडलेले आंकडे हवेत. जो 1,04,800 रुपयांचा तोटा एकजात शुल्कापायीं म्हणून मांडतो, त्यास समोरचा अधिकारी चाळीची एक विचारणा करून गप्प बसवितो. जो 48,800 म्हणतो आणि वजनाची पावती पुढें ठेवतो, त्यास गप्प बसवितां येत नाहीं.

शिवाय वरील तारखा ओळीनें वाचल्या म्हणजे आणखी एक गोष्ट लक्षांत येते. पांच वर्षांत इतक्यांदा आलेला धोका अकल्पित कसा म्हणावा ? हुकूम निघणें आपल्या हातीं नाहीं. पण तो निघूं शकेल हें जाणून सर्व माल एकाच महिन्यावर टाकून न बसणें, मेमध्यें थोडा, जुलैंत थोडा असा काढणें, आणि ऑगस्टच्या भावाच्या भरंवशावर जूनमध्यें देणें न करणें, हें आपल्या हातीं आहे. बाहेरचा धोका माहीत असून हिशेबांत न धरणें, हा आमच्या मतें घरच्याच रकान्यांत लिहावयाचा दोष आहे.

आमच्या वहींत आतां तोट्यास दोन रकाने आहेत. गेल्या वर्षीं पाणी वेळेवर तोडलें, ढीग उतरता ठेवला, पोतीं माडीवर गेलीं. 180 क्विंटलांतून 137 निघाले. तें तात्याच्या प्रमाणाहून किंचित् अधिकच भरलें. बाहेरच्या रकान्यांत पडलेला भाव लिहिला, आणि त्याच्या खालीं, मुलीच्या लग्नासाठीं पिकाच्या आशेवर काढलेल्या कर्जाचें व्याज. वही सहज घरांतल्या मंडळींच्या हातीं पडली. “लग्न काय गारांसारखें आभाळांतून पडलें होतें ?” एवढेंच त्यांनीं विचारलें. ती रक्कम आम्हीं खोडून पलीकडच्या रकान्यांत घेतली.