संकट सरते, हुकूम उरतो

आणीबाणी म्हटले की आपण 25 जून 1975 या तारखेपाशी थांबतो. नंदुरबारकडून मागे पाहिले तर ती तारीख पुरत नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी माणिक चौकात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तेव्हा देशभर भारत संरक्षण नियम लागू होते. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचल्या होत्या. संकट खोटे नव्हते. पण त्याच संकटाच्या नावाने नियम 26 खाली कुणालाही खटल्याविना डांबता येई. केशव तळपदे प्रकरणात 1943 च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टाने हा नियम कायद्यात न बसणारा ठरवला, तर सरकारने लगोलग वटहुकूम काढून तो सावरून घेतला. तरीही त्या परकी कायद्याला एक कुंपण होते: युद्ध चालू असेतो आणि पुढे सहा महिने. स्वराज्यात मात्र कायद्याची मुदत आणीबाणीला बांधली आणि आणीबाणीच लांबत गेली. चीनशी लढाई महिनाभरात थांबली, पण ऑक्टोबर 1962 ची आणीबाणी जानेवारी 1968 पर्यंत टिकली. पाकिस्तानशी युद्ध डिसेंबर 1971 मध्ये दोन आठवड्यांत आटोपले. त्यासाठी पुकारलेली आणीबाणी उठली मार्च 1977 मध्ये. 1975 ची घोषणा झाली ती या चालू आणीबाणीच्या डोक्यावर, आणि हे आज फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

शहाद्यातल्या आदिवासींच्या लढ्याचा बराचसा काळ याच आणीबाणीच्या पोटातला आहे. पाटीलवाडीचा गोळीबार तिच्या थोडा आधीचा, 1971 च्या मे महिन्यातला; आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांची संघटनबांधणी आणि श्रमिक संघटनेचा सालदारांच्या मजुरीचा, गेलेल्या जमिनींचा झगडा पुढच्या दोन-तीन वर्षांतला. यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. आदिवासींच्या जमिनी परत देणारा महाराष्ट्राचा 1974 चा कायदा अमलात आला 1 नोव्हेंबर 1975 पासून, म्हणजे ऐन आणीबाणीत. 1977 मध्ये उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, तरी नंदुरबारने काँग्रेसच्याच सुरूपसिंग नाईकांना लोकसभेत पाठवले. मग इथल्या गरिबाला आणीबाणी जाचली कुठे? पण तो कायदा आणीबाणीने दिलेला नव्हता. सभा-मोर्चांनी विषय ऐरणीवर आणला आणि विधिमंडळाने तो आधीच मंजूर केला होता. कागदावर परत मिळालेली जमीन ताब्यात घ्यायची तर सातबारा मागावा लागतो, तहसीलवर माणसे न्यावी लागतात, सावकारापुढे उभे राहावे लागते. जमावबंदीचा पहिला घाव बसतो तो नेमका या एकत्र येण्याच्या ताकदीवर. निकालाचे म्हणाल, तर काँग्रेसचे इथले बस्तान आणीबाणीच्या आधीचे आणि नंतरही कित्येक दशके टिकलेले. त्यातून आणीबाणीला पसंती होती असा अर्थ काढणे ओढूनताणून आहे.

28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात बंदिवानांना दाद मागायचे दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने चूक बरीच दुरुस्त केली: जीविताचा हक्क आता आणीबाणीतही निलंबित करता येत नाही. मात्र हे संरक्षण घोषित आणीबाणीपुरते. सातपुड्यात नर्मदाकाठच्या, सरदार सरोवराच्या बुडितातल्या मणिबेलीला 1990 च्या दशकात बंदोबस्त आला, धरपकड झाली, ती घोषणेशिवाय, रोजच्या वापरातल्या कलमांखाली.

2020 मध्ये करोनाच्या साथीतही आणीबाणी पुकारली गेली नाही. 24 मार्चच्या रात्री आठला पंतप्रधानांचे भाषण, बाराला देश बंद. आधार 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा, आणि जोडीला 1897 चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून जन्मलेला. गुजरातेत मजुरीला गेलेल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कुटुंबांना सावरायला चार तास मिळाले. इथे दुसरा आक्षेप: साथीत हुकूम नसते तर माणसे वाचली असती का? काही निर्बंध हवेच होते. पण दुसऱ्या लाटेत नंदुरबारचे देशभर नाव झाले ते कशामुळे, हे बघा. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ऑक्सिजन प्रकल्प उभारायला घेतले, खाटा वाढवल्या, मोठ्या शहरांत सिलिंडरसाठी धावाधाव चालू असताना इथे प्राणवायू होता. त्यासाठी लागला निधी, आगाऊ विचार आणि कामाला जुंपलेली यंत्रणा. हुकूम मोडल्याबद्दल कलम 188 खाली नोंदवलेल्या गुन्ह्यांनी एक लिटर ऑक्सिजनही तयार झाला नाही. कठोरपणा आणि कार्यक्षमता यांची गल्लत करणे प्रशासनाला सोयीचे असते, इतकेच.

केंद्राने आपत्ती कायद्याखालचे आदेश मागे घेतले 31 मार्च 2022 ला, दोन वर्षांनी. 1897 च्या कायद्याखाली काढायचे नियम तात्पुरते म्हटले आहेत, पण कधीपर्यंत, हे त्यात नाही. 2020 मध्ये संसदेने तो दुरुस्तीला घेतला, आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा घातली, ते योग्यच झाले. मुदतीचे कलम तेव्हाही घातले नाही.