सालईचा डिंक, पितळेचे धुपाटणे

उन्हाळ्याच्या तोंडावर विदर्भातल्या खडकाळ टेकडीवर सगळा झाडोरा निष्पर्ण होतो, तेव्हा सालई दुरूनही ओळखू येते. राखाडी-हिरवट खोड, त्यावरून सुटणारे सालीचे कागदी पापुद्रे आणि टोकाशी दाटलेल्या उघड्या फांद्या. जिथे माती थोडी आणि दगड फार, जिथे सागही खुरटतो, तिथे सालई तग धरते. भंडारा जिल्ह्याच्या कोरड्या पानझडी जंगलांना ती नवी नाही. तेंदूपाने, मोहफुले आणि कोसा यांच्या बोलबाल्यात तिच्या डिंकाकडे मात्र आपले लक्ष कमीच गेले आहे. घरात नैसर्गिक धूप जाळायचा असेल, तर ओळख या झाडापासून करून घ्यावी, असे मला वाटते. धुपाच्या नावाने दुकानात जे मिळते त्याचा खरेखोटेपणा झाड ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

जखमेतून येणारा सुगंध

सालईचा डिंक पावसाळा संपल्यावर, हिवाळा ते उन्हाळा या काळात काढतात. खोडावरच्या सालीचा पट्टा लाकडाला धक्का न लावता काळजीपूर्वक छाटतात. झाड ती जखम भरून काढायला चिकट, पिवळसर रस सोडते. काही दिवसांनी तो घट्ट होतो, मग तो खरवडून काढतात आणि जखम पुन्हा थोडी ताजी करतात. गोळा केलेला ओला डिंक बांबूच्या टोपलीत ठेवला की पातळ भाग निथळून जातो आणि मऊ गोळा मागे राहतो. तो वाळवून, निवडून प्रतवारी लावतात. फिकट, स्वच्छ, अर्धपारदर्शक खडे वरच्या दर्जाचे. साल आणि माती मिसळलेले खालच्या.

या डिंकात तीन गोष्टी एकत्र असतात. साधारण 30 ते 60 टक्के राळ, 5 ते 10 टक्के सुगंधी तेल आणि उरलेला पाण्यात विरघळणारा गोंद. निखाऱ्यावर टाकताच आधी तेल उडते आणि पहिला ताजा, किंचित लिंबासारखा, किंचित टर्पेंटाइनसारखा वास तेच देते. मग राळ वितळून गोड-गंभीर धूर येतो. शेवटी गोंद करपू लागतो. जो वास आपल्याला हवा असतो तो पहिल्या दोन टप्प्यांत येऊन जातो.

ओमान आणि सोमालियाच्या ज्या धुपाचा उल्लेख ख्रिस्ताच्या जन्मकथेत येतो, तो सालईच्या सख्ख्या कुळातल्या झाडाचा. आयुर्वेदाने सालईला शल्लकी म्हटले आणि सांधेदुखीवर वापरले; तिच्या डिंकातल्या बॉस्वेलिक आम्लांवर आजही संशोधन चालू आहे. मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या कागद कारखान्याने वृत्तपत्री कागदासाठी सालईचे मऊ लाकूडही वापरले. म्हणजे एकाच झाडाने देवघर, औषधशाळा आणि छापखाना अशा तिन्ही घरी सेवा दिली.

दुकानात काय मागावे

किराणा किंवा पूजासाहित्याच्या दुकानात धुपाचे खडे म्हणून चार-पाच वेगळ्या वस्तू मिळतात. राळ बहुतांशी साल वृक्षाची. लोबान, ज्याला आपल्याकडे ऊदही म्हणतात, तो सुमात्रा आणि आग्नेय आशियातून येतो. त्याला व्हॅनिलासारखा गोडवा असतो आणि गुरुवारी दर्ग्यात तोच दरवळतो. गुग्गुळ राजस्थान-कच्छच्या रखरखीत भागातल्या झुडपाचा. या झुडपाचे बेसुमार दोहन झाल्याने आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली आहे. म्हणून गुग्गुळ रोज जाळण्याची सवय लावून घेऊ नये. सालई आपल्या अंगणाजवळची आहे, तिच्यावर पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी आपली.

भेसळ ओळखायला सोपी खूण पाण्याची. सालईचा खडा पाण्यात कुटून घोळला तर पाणी दुधाळ होते, कारण गोंदाबरोबर राळही पसरते. धावड्याचा खाण्याचा डिंक पाण्यात नीट विरतो. निव्वळ पाईनची राळ, म्हणजे बिरोजा, पाण्याला दाद देत नाही. बिरोज्याचा धूर काळपट आणि घशाला झोंबणारा असतो. खडा ओल्या कापसावर घासून रंग उतरला, तर तो रंगवलेला समजावा. फार झगझगीत, सगळे सारख्याच आकाराचे खडे दिसले तरी चौकशी करावी. थोडाच माल घ्यावा, हवाबंद बरणीत थंड जागी ठेवावा. उन्हाळ्यात हे खडे मऊ पडून एकमेकांना चिकटतात.

निखारा आणि चिमूट

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. तिथल्या कारागिरांनी घडवलेल्या तांब्या-परातींबरोबर धुपाटणेही घरोघरी गेले. धुपाटण्याच्या तळाशी वाळू किंवा राख पसरावी, म्हणजे पितळ फार तापत नाही. लाकडी कोळशाचा किंवा गोवरीचा निखारा पूर्ण लाल झाला आणि धूर व ठिणग्या थांबल्या की त्यावर राखेचा पातळ थर द्यावा. उघड्या निखाऱ्यावर राळ करपते. राखेवरून ती हळू वितळते आणि वास टिकतो. चटकन पेटणाऱ्या तयार चकत्या वापरायच्या झाल्या तर त्यांचा सुरुवातीचा बारुदी वास निघून जाऊ द्यावा. डिंक मात्र तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढाच. वास विरला की पुन्हा चिमूट. मूठभर टाकून घर धुराने भरणे म्हणजे भक्ती वाढवणे नव्हे, डिंकाची नासाडी आहे.

धूर नैसर्गिक असला तरी धूरच. त्यातले बारीक कण फुप्फुसात जातात आणि निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. म्हणून खिडकी उघडी असावी, निखारा पेटता ठेवून कुणी झोपू नये. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्या बाळाला धुरी देण्याची रीत घरोघरी आहे. तिच्यामागचे प्रेम मान्य करूनही बाळाच्या नाकाशी धूर नेऊ नये. दमेकऱ्याच्या खोलीतही धूप नको.

राहिला झाडाचा प्रश्न. इथिओपियातल्या धुपाच्या जातीवर 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने इशारा दिला की, अतिदोहन, गुरांची चराई आणि आगी यांमुळे नवी रोपे वाढत नाहीत आणि पुढच्या वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल. आपल्या सालईलाही वणवा आणि चुकीच्या जखमा यांचा धोका तितकाच खरा आहे. झाडाला विश्रांती देऊन काढलेला डिंक आणि ओरबाडून काढलेला डिंक दुकानात सारखाच दिसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावांना दिला आहे. त्या हक्काला मोल तेव्हाच येईल जेव्हा गिऱ्हाईक वस्तूचे मूळ विचारेल. हा कोणत्या झाडाचा, कुठल्या जंगलातला, कोणी काढलेला, हे प्रश्न आपण विचारू लागलो तर जपून डिंक काढणाऱ्या मजुराला थोडा जास्त भाव मिळेल, आणि सालईलाही पुढच्या हंगामात उभे राहण्याची संधी.