खाच, खुंटी आणि इन्सुलिन

नागपूरच्या लकडगंजमध्ये सागाची चौकट जोडताना सुतार आधी खुंटी खाचेत घालून पाहतो. सूतभर जाड असली तरी ती अडते. मग पटाशीने तासायचं, पुन्हा बसवून पाहायचं. नीट बसली की लाकडी ठोकणीचा एक फटका पुरतो.

जेवणानंतर आपल्या शरीरातही अशीच जोडणी होते. रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. हे 51 अमिनो आम्लांचं प्रथिन. एक साखळी 21 आम्लांची, दुसरी 30 ची. पेशीचं आवरण स्निग्ध असल्याने इन्सुलिन सरळ आत शिरू शकत नाही. म्हणून निरोप दारातच द्यावा लागतो, आणि तो घेणारं प्रथिन म्हणजे ग्राही, अर्थात रिसेप्टर.

या ग्राहीचे दोन भाग आवरणाबाहेर असतात आणि दोन आवरणातून आरपार आत गेलेले असतात. इन्सुलिन नसताना ग्राहीचे हे आरपार गेलेले पाय फाकलेले असतात. इन्सुलिन बाहेरच्या खाचेत बसताच ते जवळ येतात. आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि निरोप पुढच्या प्रथिनांकडे जातो. शेवटी स्नायू आणि चरबीच्या पेशींत साखर आत घेणारी 'ग्लुट-4' ही प्रथिनं आवरणावर येतात.

सुताराची खुंटी बसताना बदलत नाही; इन्सुलिन बदलतं. त्याच्या लांब साखळीचं टोक बाजूला वळतं, तेव्हाच ते ग्राहीला घट्ट भिडतं. हे 2013 मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून स्पष्ट दिसलं. म्हणजे सगळी मदार आकारावर आहे.

मधुमेहाचे रुग्ण टोचून घेतात त्या कुपीतल्या इन्सुलिनचा हाच आकार नागपूरच्या उन्हाळ्यात धोक्यात येतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि गाडीची डिक्की तर भट्टीच होते. उष्णतेने इन्सुलिनच्या घड्या मोडतात, रेणू एकमेकांना चिकटतात. मग सुई टोचूनही ते ग्राहीत बसत नाही आणि साखर उतरत नाही. गोठल्यानेही ते निकामी होतं.

न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नको. वापरात असलेली कुपी किती तापमानात आणि किती दिवस चालते, हे वेष्टनावर वाचा. फ्रिज नसेल तर बंद डबीत घालून ती ओल्या माठात ठेवा. साखर अचानक वाढली, तर डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका; आधी कुपी कुठे ठेवली होती ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.