पाणी वाट केव्हा देते? शर्यतीच्या पोहण्यामागील पदार्थविज्ञान

आरंभी एक लहानसे गणित करू.

ऑगस्ट २०१८ मध्ये इंडोनेशियातील जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. पुरुषांच्या ५० मीटर मुक्त शैलीच्या अंतिम शर्यतीत कोल्हापूरचा वीरधवल खाडे चौथा आला. त्याची वेळ होती २२.४७ सेकंद. कांस्यपदक मिळविणाऱ्या जपानी जलतरणपटूची वेळ होती २२.४६ सेकंद. फरक केवळ एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा! आता ५० मीटरला २२.४७ ने भागा. सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे २.२२ मीटर. या वेगाने ०.०१ सेकंदात किती अंतर कापले जाईल? सुमारे २.२ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या बोटाच्या एका पेराएवढे.

हा वीरधवल काही सामान्य जलतरणपटू नव्हे. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये तो उतरला तेव्हा त्याला सतरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. २०१० साली ग्वांगझो येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले. १९८६ साली खजानसिंगने सोलमध्ये रौप्यपदक मिळविल्यानंतर भारताला जलतरणात मिळालेले ते पहिलेच आशियाई पदक. अशा खेळाडूच्या बाबतीतही पदक आणि चौथा क्रमांक यांत पेरभर अंतर उरते. मग हे पेरभर अंतर येते तरी कोठून?

विहिरीतला पोहणारा

आमचे भूम हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव. पाऊस बेताचा. उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसू लागतात. पण ज्या वर्षी पाऊस बरा होतो, त्या वर्षी पोरांची चंगळ असते. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि काका-मामाने विहिरीत ढकलून द्यायचे, अशी आमच्याकडची शिकवण. चार दिवसांत पोरगा हातपाय मारू लागतो आणि पंधरा दिवसांत काठावरून मुटका मारतो.

या शिकवणीत तयार झालेला दहावीतला एक मुलगा जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत उतरला आणि सर्वांत शेवटी आला. परत आल्यावर त्याने मला विचारले, “सर, मी दम लागेपर्यंत हात मारले. शेजारचा मुलगा माझ्यापेक्षा सावकाश हात मारत होता, तरी तो पुढे गेला. असे कसे?”

प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

वेगाची किंमत

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. त्यातून पुढे जाताना पाणी आपल्याला मागे रेटते. या बलाला आपण रोध म्हणू. हा रोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो. आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट!

उदाहरण घेऊ. एक मुलगा सेकंदाला १.४ मीटर वेगाने पोहतो. ५० मीटरला त्याला ३५.७ सेकंद लागतील. रोध = क × वेग² असे मानू आणि ‘क’ ची किंमत सोयीसाठी २५ धरू. रोध येतो ४९ न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलोग्रॅम वजनाएवढा. त्यासाठी लागणारी शक्ती ४९ × १.४ = सुमारे ६९ वॅट. आता त्याला वेग दहा टक्क्यांनी वाढवून १.५४ करायचा आहे. शक्ती लागेल सुमारे ९१ वॅट, म्हणजे एक तृतीयांश जास्त. नुसत्या जोरावर एवढी वाढ करायला कित्येक महिन्यांची मेहनत हवी.

पण दुसरीही एक वाट आहे. जोर तेवढाच ठेवून ‘क’ दहा टक्क्यांनी कमी केला तर? ‘क’ २२.५ झाला, की त्याच ६९ वॅटमध्ये वेग १.४५ होतो. ५० मीटरची वेळ ३४.५ सेकंदांवर येते. सव्वा सेकंद वाचला, आणि तोही दंडाचा घेर एका सेंटिमीटरनेही न वाढवता!

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. २००९ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. त्या काळी जलतरणपटू अंग आवळून धरणारे, पाणी न शोषणारे आणि थोडे तरंगवणारे खास पोशाख घालत. पोशाखाने कोणाचे स्नायू बळकट होत नव्हते. पाण्याचा रोध तेवढा घटत होता. अखेर १ जानेवारी २०१० पासून अशा पोशाखांवर बंदी आली. पण अंगाची ठेवण सुधारून रोध घटविण्यावर कोणतीही बंदी नाही!

डोके वर, पाय खाली

‘क’ ची किंमत प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते : शरीराचा आकार, आणि समोरून पाहता ते पाण्याची किती जागा अडवते. विहिरीत पोहणारा मुलगा डोके वर काढून पोहतो. त्याला काठ पाहायचा असतो, सवंगड्यांशी बोलायचे असते, आणि घाई तर मुळीच नसते. शर्यतीत मात्र हीच सवय नडते.

डोक्याचे वजन चार ते पाच किलोग्रॅम असते. पाण्यात बुडालेले असताना ते जवळजवळ भारहीन होते. आर्किमिडीजचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. डोके पाण्याबाहेर काढले की हा भार पुन्हा पेलावा लागतो. त्यातच आणखी एक अडचण आहे. फुप्फुसांत हवा असल्यामुळे प्लावक बल छातीच्या बाजूला लागते, तर शरीराचा गुरुत्वमध्य त्यापेक्षा थोडा कमरेच्या बाजूला असतो. एक बल छातीला वर उचलते, दुसरे कमरेला खाली ओढते. म्हणून पाय आपोआप बुडू लागतात. डोके वर काढले की ते आणखीच बुडतात.

समजा, शरीर केवळ १० अंशांनी कलले. खांद्यापासून पावलापर्यंतची लांबी, पंजे ताणलेले धरून, १.४ मीटर मानली तर पावले खांद्यांपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर खाली जातात. छातीची जाडी वीसेक सेंटिमीटर असते. म्हणजे पाण्यात जी वाट पाडायची, तिची खोली दुपटीच्या आसपास गेली!

यावर उपाय सोपा आहे. चेहरा पाण्यात, नजर तळाकडे, मान पाठीच्या रेषेत. श्वास घेताना डोके वर उचलायचे नाही. सर्व अंगाबरोबर ते कुशीवर वळवायचे. तोंडाच्या बाजूला पाण्याला थोडा खळगा पडलेला असतो, तेवढ्यात श्वास मिळतो.

पाणी फेकू नका, पकडा

आता हाताकडे वळू. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार आपण पाणी मागे ढकलतो आणि पाणी आपल्याला पुढे ढकलते. पण पाणी कसे ढकलावे? थोडे पाणी जोरात, की पुष्कळ पाणी हळू?

२० किलोग्रॅम पाण्याला सेकंदाला १ मीटर वेग दिला, तर संवेग २० एकक होतो. ५ किलोग्रॅम पाण्याला सेकंदाला ४ मीटर वेग दिला, तरी संवेग २० च. दोन्ही वेळा आपल्याला पुढे मिळणारा रेटा सारखाच. पण खर्च झालेली गतिज ऊर्जा पाहा. पहिल्या वेळी १० ज्यूल, दुसऱ्या वेळी ४० ज्यूल. चौपट! म्हणून शहाणा पोहणारा पुष्कळ पाणी धरतो आणि ते शांतपणे मागे सारतो. त्यासाठी केवळ पंजा पुरत नाही. कोपर उंच ठेवून पंजा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून एकच वल्हे करावे लागते. कोपर आधी मागे घसरले, की वल्हे तिरपे होते आणि पाणी निसटते.

दहावीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. वेग = एका आवर्तनात कापलेले अंतर × एका सेकंदातील आवर्तने. शेजारच्या ओळीतला मुलगा कमी आवर्तने करीत होता, पण प्रत्येक आवर्तनात अधिक पुढे सरकत होता. आमचा गडी पाण्याला नुसता फेस आणीत होता.

लाटांची अडवणूक

पाण्याच्या पृष्ठभागावर पोहताना आपण लाटा निर्माण करतो आणि त्यांत आपली ऊर्जा खर्च होते. होडीप्रमाणे पोहणाऱ्याच्याही पुढे लाटेचा एक उंचवटा तयार होतो. ज्या लाटेची लांबी शरीराच्या लांबीएवढी असते, तिचा वेग √(ग × लांबी ÷ २π) या सूत्राने मिळतो. येथे ग म्हणजे गुरुत्वत्वरण. हात पुढे ताणून लांबी २ मीटर धरली, तर हा वेग सेकंदाला सुमारे १.७७ मीटर येतो. पोहण्याचा वेग याच्या जवळ आला की आपणच केलेली लाट आपल्याला अडवू लागते आणि रोध झपाट्याने वाढतो. सूत्रात लांबी आहे, हे ध्यानात घ्या. म्हणून एक हात ओढत असताना दुसरा पुढे ताणलेला ठेवणे हिताचे.

पाण्याखाली अर्धा-पाऊण मीटर गेले की लाटांचा रोध बराच कमी होतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोक शर्यतीत जपानचा दाइची सुझुकी आणि अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ हे दोघेही आरंभीचे बरेच अंतर पाण्याखालून, माशाच्या शेपटीसारखे पाय हलवीत गेले. सुझुकीने ५५.०५ सेकंदांत सुवर्णपदक घेतले, बर्कॉफला ५५.१८ सेकंदांत रौप्य मिळाले. पुढे नियम बदलले. आज मुक्त शैली, बॅकस्ट्रोक व बटरफ्लाय या प्रकारांत आरंभी आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके पृष्ठभागावर यावे लागते.

शालेय खेळाडूने यातून काय घ्यावे? सूर मारताना आणि भिंतीला रेटा देताना मिळणारा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. तो उधळू नये. हात कानांमागे जोडून, पाय जुळवून बाणासारखे सरळ व्हावे. लगेच हात मारू लागलो तर हा बाणाचा आकार मोडतो. फार वेळ तसेच राहिलो तर वेग पोहण्याच्या वेगाखाली उतरतो. दोन्ही वेग सारखे होतील तो क्षण वर येण्याचा. तो सरावानेच कळतो.

आधी वाघ, मग शेळी

पुष्कळ मुले पहिली फेरी वाऱ्यासारखी मारतात आणि दुसऱ्या फेरीत रडकुंडीला येतात. येथेही वेगाचा वर्गच आडवा येतो. १०० मीटर ८० सेकंदांत पोहायचे आहे. एकाने दोन्ही अर्धी ४०-४० सेकंदांत काढली, दुसऱ्याने ३६ आणि ४४ सेकंदांत. वेळ तीच, पण रोधाविरुद्ध करावे लागलेले कार्य दुसऱ्याचे सुमारे ३ टक्के जास्त भरते. गणित तुम्ही स्वतः करून ताडून पाहा.

करून पाहा

१. बादलीभर पाण्यात फूटपट्टी आधी रुंद बाजूने ओढा, मग कडेच्या बाजूने. हाताला जाणवणारा फरक म्हणजेच रोधातील फरक.

२. काठावर दर मीटरला गाठ मारलेली दोरी लावा. भिंतीला पायाने रेटा देऊन, हातपाय न हलवता, नुसते घसरत जा. एकदा डोके वर ठेवून, एकदा मान खाली आणि हात जोडून. प्रत्येकी तीन वेळा करा. अंतरे वहीत मांडून सरासरी काढा.

३. तलावाची एक लांबी पोहताना किती सेकंद लागले आणि किती हात मारले ते मोजा. दोहोंची बेरीज करा. आठवड्याने पुन्हा मोजा. वेळ न वाढता हात कमी झाले, तर सुधारणा खरी.

पण सावधान! पोहण्याचा कोणताही प्रयोग एकट्याने करू नका. चांगले पोहता येणारे मोठे माणूस आणि फेकायला दोर जवळ हवाच. शेततळ्यात तर उतरूच नका. त्याच्या प्लॅस्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. उथळ पाण्यात सूर मारू नका. जोरजोराने श्वास घेऊन मग पाण्याखाली दम कोंडण्याच्या पैजा लावू नका. त्यात सूचना न मिळता शुद्ध हरपते.

तो दहावीतला मुलगा आता अकरावीत आहे. सुटीत मामाकडे गेला की तो तेथील तलावात सराव करतो. २५ मीटरला त्याला पूर्वी सव्वीस हात लागत, आता बावीस लागतात. वेळही थोडी उतरली आहे. अजून त्याने एकही शर्यत जिंकलेली नाही. परंतु परवा भेटला तेव्हा त्याने “आणखी जोर कसा लावू?” असे विचारले नाही. त्याने विचारले, “सर, शेवटच्या हाताला भिंतीला स्पर्श करताना मी डोके वर काढतो. त्यात किती सेंटिमीटर जात असतील?”

पेरभर अंतर कोठून येते, याचा शोध त्याचा त्यानेच सुरू केला आहे.