खाणीलगतच्या विहिरी व तलावांची नोंद

चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांत भूमिगत खाणींतून कोळसा काढला जातो. अशा खाणीत झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. त्यामुळे भोवतालच्या वालुकाश्मातील पाणी खाणीकडे ओढले जाऊन विहिरींची पातळी खालावते. पुढे खाणीतील कोळशाचे आधारस्तंभ काढले की छत ढासळते, जमिनीस भेगा पडतात व तलावाचे पाणी त्यांतून निसटू शकते.

तथापि विहीर आटली की दोष खाणीचाच, असे नव्हे. अपुऱ्या पावसानेही तेच घडते. याचा निवाडा नोंदींवाचून होत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. गावानेही निदान हाच क्रम ठेवावा. विहिरीच्या काठावर कायमची खूण करून तेथून पाण्यापर्यंतचे अंतर सकाळी, पंप सुरू करण्यापूर्वी मोजावे. तलावात मोजपट्टी रोवावी. झऱ्याच्या धारेखाली १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहावे. त्याच वहीत पाऊस नोंदवावा, आणि खाणीपासून दूरची एक विहीरही मोजावी. दूरची विहीर स्थिर असून खाणीजवळचीच दरवर्षी खालावत असेल, तर उपशाकडे बोट दाखविण्यास आधार मिळतो.

खाणीचे पाणी ओलितास घेण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

खाण सुरू होण्यापूर्वीची नोंद सर्वांत मोलाची होय. ती मागाहून करता येत नाही, आणि नुकसानभरपाई मागताना शेतकऱ्याच्या हाती तिच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच असतो.